दृष्टांतकार श्रीकेशवराज व्यास

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर पंथाचा भार आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांवर आला. श्रीगोविंदप्रभू रिद्धपुरी विराजमान असेतो मार्गीची मंडळी त्यांच्या सन्निधानी राहिली. तेथेच शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा मिळविल्या. देवगिरीवर यादव रामचंद्रदेवाची सत्ता असलेल्या या काळात जे विद्वज्जन आचार्यांना अनुसरले, त्यांत केशवराज व्यास हे अग्रगण्य होत. परंपरा त्यांना केशोबास, केसराजबास या नावांनी स्मरते.

केशोबासांना स्वामींचे प्रत्यक्ष सन्निधान लाभले नव्हते. त्यांचा व्यासंग संस्कृत विद्येचा होता. स्मृतिस्थळात त्यांचे नाव दामोदरपंडितांच्या जोडीने येते. एकदा या दोघांनी आचार्यांना संस्कृतातून प्रश्न केला, तेव्हा आचार्यांनी ती भाषा बाजूस सारली आणि स्वामींनी निरूपण मराठीत केले असल्याने मराठीतूनच विचारण्यास सांगितले. पुढे केशोबास शास्त्रार्थ संस्कृतात बांधू लागले असता आचार्यांनी त्यांना आवरले. त्या रचनेने मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, हे कारण त्यांनी दिले. केशोबासांच्या आयुष्यातील निर्णायक क्षण तो हाच. ज्या विद्येवर नाव मिळावयाचे तीच गुरूने थांबविली होती. त्यांनी वाद घातला नाही. लेखणी मराठीकडे वळविली. 'रत्नमालास्तोत्र' ही त्यांची संस्कृत रचना पंथात आदराने म्हटली जाते. परंतु त्यांचे चिरंतन कार्य मराठीतच झाले.

ते कार्य दुहेरी आहे. लीळांत विखुरलेली स्वामींची वचने निवडून, विषयवार लावून त्यांनी 'सूत्रपाठ' सिद्ध केला. आचार, विचार, संहार, संसरण, उद्धरण अशी त्याची प्रकरणे प्रत्येक अभ्यासकाच्या मुखी आहेत. मात्र वचन लीळेतून वेगळे काढले की त्याचा प्रसंग मागे राहतो. कोणाला, कोठे, कोणत्या निमित्ताने सांगितले, हे न कळता केवळ शब्दावरून काढलेला अर्थ वचनाच्या विरुद्धही जाऊ शकतो. सूत्राचे प्रकरण शोधण्याची पंथाची अभ्यासपद्धती याच गरजेतून दृढ झाली.

दुसरे कार्य 'दृष्टांतपाठ'. स्वामींनी निरूपणाच्या ओघात सांगितलेल्या ११४ लघुकथा त्यात एकत्र आहेत. येथे प्रत्येक स्थळी तीन अंगे दिसतात : प्रथम सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. पहिली दोन स्वामींची, तिसरे केशोबासांचे. सूत्र हे कथेचे तात्पर्य आधीच हाती देते. दृष्टांत ते लोकव्यवहारातील प्रसंगाने डोळ्यांपुढे उभे करतो. दार्ष्टांतिक कथेतील कोणते अंग सिद्धांताच्या कोणत्या अंगास लावावे ते दाखविते.

तिसऱ्या अंगाची आवश्यकता काय, हे आंधळ्यांच्या आणि हत्तीच्या दृष्टांतावरून स्पष्ट होते. एकाच्या हाती पाय आला, दुसऱ्याच्या सोंड, तिसऱ्याच्या कान. ज्याने जे चाचपले तेवढाच हत्ती त्याने मानला. ही कथा एकटी ऐकणारा म्हणेल की सर्वच आंधळे खोटे. दुसरा म्हणेल की सर्वांचेच खरे, म्हणून सर्व मते सारखी. दोन्ही अनुमाने चुकतात. ज्याने पाय धरला त्याचा स्पर्श खराच होता. चूक झाली ती अंशास पूर्ण ठरविण्यात. ईश्वरस्वरूपाचा एकेक अंश जाणून त्यासच सर्वस्व मानणाऱ्यांची जी गत, ती येथे अभिप्रेत आहे. कथेचा भावही ध्यानात घेतला पाहिजे. तो उपहासाचा नाही. आंधळा हसण्याजोगा नसून त्याला डोळसाची गरज आहे. आणि ऐकणाऱ्याने स्वतःस डोळसांत न गणता आंधळ्यांत गणावे, तरच दृष्टांत फळतो.

दृष्टांत नेहमी एकदेशी असतो, हेही केशोबासांच्या रचनेतून शिकावयास मिळते. हत्तीचा रंग, गाव, आंधळ्यांची संख्या यांतून सिद्धांत काढावयाचे नसतात. सूत्राने जी सीमा आखली तिच्या आतच अनुमान चालावे. केशोबासांची दार्ष्टांतिके म्हणूनच आटोपशीर आहेत. संस्कृत अलंकारशास्त्राचा पसारा मांडण्याचे सामर्थ्य असूनही त्यांनी स्वामींच्या वाक्यावर आपले पांडित्य चढविले नाही. ज्यांच्यासाठी आचार्यांनी संस्कृत थांबविले, त्या म्हाताऱ्यांना कळेल इतकेच आणि तितकेच त्यांनी लिहिले.

त्यांच्या मागून पंथात सूत्रांवर लक्षणे, बंद, स्थळे अशी मोठी भाष्यपरंपरा उभी राहिली. तिच्या मुळाशी केशोबासांचा हा संयम आहे. आज पाठ म्हणताना दार्ष्टांतिक घाईने उरकण्याची सवय अनेकांस असते. कथा मात्र रंगवून सांगितली जाते. केशोबासांनी जन्मभर केलेले श्रम त्या उरकलेल्या तिसऱ्या अंगातच साठविले आहेत. दृष्टांत ऐकून संतोष होतो. दार्ष्टांतिक विचारून घेतल्यावर मात्र आचार बदलावा लागतो.