मूठभर धान्य

आमच्या घरी माळ्यावर एक काळे मडके पालथे पडलेले असे. त्यात काहीच ठेवीत नसत. लहानपणी मी पणजीला विचारले, तेव्हा ती म्हणाली की ते बोर्डिंगच्या पोरांचे मडके. तिच्या तरुणपणी पहाटे जात्यावर बसण्याआधी सुपातले मूठभर धान्य त्या मडक्यात टाकायचे, अशी घरची रीत होती. मडके भरत आले की बोर्डिंगची मुले पोती घेऊन दारात येत आणि धान्य घेऊन जात. आमचे घर काही सधन नव्हते. उन्हाळ्याच्या शेवटी घरातलीच कणगी रिकामी होई, पण मडक्यातली मूठ चुकली नाही, असे पणजी सांगे. ती स्वतः मात्र कधी शाळेत गेली नव्हती.

ही मूठ मागणारा माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचे नाव आपण जयंतीच्या भाषणांत इतके ऐकतो की माणूस बाजूला राहतो आणि पुतळाच डोळ्यांपुढे येतो. म्हणून यंदाच्या अंकासाठी मी मुद्दाम त्यांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. खरे सांगायचे तर, त्याला माझे स्वतःचेही एक कारण होते. ते पुढे सांगतो.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला. मुलाला शिकण्यासाठी कोल्हापूरला ठेवले, पण भाऊरावांचे लक्ष पुस्तकापेक्षा कुस्तीकडे अधिक. 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा, मिस क्लार्क होस्टेलचा, समारंभ झाला. भाऊराव त्याला गेले. परत आल्यावर जैन बोर्डिंगच्या नियमाप्रमाणे त्यांनी आंघोळ करून शुद्ध व्हायला हवे होते. ते त्यांनी साफ नाकारले. परिणामी बोर्डिंग सुटले आणि शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. ज्याने पुढे हजारो मुलांना मॅट्रिकच्या पार नेले, तो स्वतः तिथवर पोहोचला नव्हता, याची मला नेहमी गंमत वाटते.

त्यानंतर साताऱ्यात शिकवण्या झाल्या. कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात खोटी साक्ष द्यायला नकार दिल्याबद्दल तुरुंगवासही झाला. मग ते किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकत खेडोपाडी हिंडले. चरित्रकार हा काळ भराभर उरकतात. मला मात्र तोच महत्त्वाचा वाटतो. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या अंगणात बसतो. कुणाकडे रोख पैसा नाही, कुणाकडे मूठभर ज्वारी मात्र आहे, हे त्याला दिसते. पुढे संस्थेसाठी पैसा न मागता धान्य मागायची बुद्धी याच भटकंतीत आली असावी, असा माझा तर्क आहे.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था निघाली. 1924 साली तिचे ठाणे साताऱ्याला आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सारी पोरे एकाच पंगतीत जेवत. स्वयंपाक, भांडी, शेतातले काम, सारे तीच करीत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

पण पंगत रोज वाढायची तर पोत्यात काहीतरी हवे. ते नसे तेव्हा भार पडे तो लक्ष्मीबाईंवर, भाऊरावांच्या पत्नीवर. मुलांच्या जेवणासाठी त्यांचे दागिने गेले, आणि अखेर मंगळसूत्रही विकले गेले. 1930 साली त्या वारल्या. आपण हा प्रसंग त्याग म्हणून सांगतो आणि टाळ्या घेतो. मला तो वाचताना अस्वस्थ वाटले. सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईने परक्या जातीची पोरे आपली मानली, हे खरेच. पण अण्णांच्या नावाच्या शेकडो पाट्या आहेत आणि लक्ष्मीबाईंना आपण एका परिच्छेदात आटोपतो. मीही इथे तेच केले आहे.

मुठीचे धान्य येई म्हणून मुलांना फुकट बसून खायला मिळे, असे मात्र नव्हते. हा अण्णांचा हिशेब फार चोख होता. गावाने मूठ द्यायची आणि मुलाने घाम द्यायचा. 1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. तेथे मुले शेतात राबत, बांधकामावर दगड वाहत आणि मग वर्गात बसत. कमवा आणि शिका ही योजना ती हीच. ज्या गावात शाळाच नव्हती तेथे देवळात, चावडीत वर्ग भरू लागले. अशा स्वेच्छा शाळा पाचशेवर गेल्या. 9 मे 1959 रोजी पुण्यात अण्णा गेले, तेव्हा संस्थेची शंभरावर हायस्कुले आणि तीन महाविद्यालये होती. पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. ही दोन्ही त्यांना त्याच वर्षी मिळाली, म्हणजे फार उशिरा.

आता माझे कारण. आपल्या महाविद्यालयात कमवा-शिका योजनेत मी गेली दोन वर्षे आहे. सकाळी ग्रंथालयात पुस्तके झटकतो, फाटलेल्या पुठ्ठ्यांना खळ लावतो. मित्रांना मात्र सांगत आलो की मी अभ्यासाला लवकर येतो. वर्गात कुणी हाताला लागलेल्या खळीबद्दल विचारले की मी विषय बदलत असे. दिवाळीच्या सुट्टीत हे चरित्र घरी वाचत होतो. पणजी आता नाही. आईने माळा झाडताना ते मडके खाली काढले होते. काठाला तडा गेला होता आणि बुडाशी किडलेले चार दाणे चिकटलेले होते, कोणत्या सालचे कोण जाणे.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी वर्गातले दोघे ग्रंथालयात आले. मी शिडीवर होतो, हातात फडके. त्यांनी विचारले, इथे काय करतोस? मी सांगितले, कामावर आहे, साडेनऊला सुटतो. त्यातला एकजण तिथेच घुटमळत राहिला आणि नाव नोंदवायला कुणाला भेटायचे, असे हळूच विचारू लागला.