राजशेखर : कविअभ्यास आणि परिमित परिषद

यायावर कुळातील राजशेखर (नववे-दहावे शतक) हा कनोजच्या महेंद्रपालाचा गुरू. पुढे तो त्रिपुरीच्या कलचुरी दरबारी राहिला. विदुषी पत्नी अवंतिसुंदरीची मते त्याने ‘काव्यमीमांसे’त नोंदविली. काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाहही त्याने तेथे वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीम येथे, लाविला आहे. कवीच्या दिनचर्येत तिसरा प्रहर त्याने गोष्ठीस दिला. चौथ्यात सकाळची रचना एकट्याने वा मोजक्या जाणकारांसह तपासावयास सांगितली. अर्धवट रचना ऐकविल्यास ती अपुरीच राहते. नवी रचना एकाच श्रोत्यास ऐकविल्यास, त्याने ती आपली म्हटली तर साक्षीदार उरत नाही, असे त्याने बजाविले. काव्यहरणाचे भेद सांगणाऱ्या या आचार्याने चौर्यभयास्तव कवीला एकांतात कोंडले नाही. अभ्यास केव्हा आणि कोणापुढे उघड करावा, एवढेच ठरवून दिले.