एकच ग्रंथ, तोही अपुरा : आबे फारिया यांची ओळख



पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. लांब झगा घातलेले एक पाद्री दोन्ही हात पुढे करून उभे आहेत आणि त्यांच्यासमोर एक स्त्री मागे कलंडली आहे. सर्वण-डिचोलीहून कामानिमित्त पणजीला जाणाऱ्या बहुतेकांनी हा पुतळा पाहिलेला असतो. पण तो कोणाचा, असे विचारले तर कोणी मांत्रिक म्हणतो, कोणी जादूगार. आमच्या मते हा त्या थोर गोमंतकीयावर अन्याय आहे. मांत्रिकाच्या अंगी काही शक्ती असते ही समजूत ज्यांनी युरोपात जाऊन खोडून काढली, त्यांनाच आपण मांत्रिक म्हणतो! म्हणून या अंकात आम्ही आबे फारिया यांचा परिचय करून देत आहोत.

कांदोळी ते रोम

त्यांचे पूर्ण नाव जुझे कुस्तोदियो द फारिया. जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देस तालुक्यातील कांदोळी गावी झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे. हे घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मणांचे, पूर्वीचे शेणई. मुलगा लहान असतानाच आईवडिलांनी विभक्त होण्याचे ठरवले. आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. वडिलांनी पाद्री होण्याचा मार्ग धरला.

१७७१ साली पितापुत्र जहाजाने पोर्तुगालला निघाले. त्या काळचा हा प्रवास कित्येक महिन्यांचा होता. वर्षअखेर ते लिस्बनला पोहोचले व तेथून रोमला गेले. मुलाने तेथे धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. १७८० मध्ये तो पाद्री झाला आणि त्याने डॉक्टर ही पदवीही मिळवली. पोपसमोर प्रवचन करण्याचा मानही त्याला मिळाला.

पुढे लिस्बनला राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनाची पाळी आली, तेव्हाची एक कथा गोव्यात घरोघरी सांगितली जाते. समोर राणी आणि सारे सरदार बसलेले पाहून तरुण फारियांची वाचाच बसली. तेव्हा वडिलांनी कोंकणीत हळूच सांगितले की समोर बसलेली ही सगळी भाजी आहे, ती कापून टाक. एवढे ऐकताच मनातली भीती गेली आणि प्रवचन उत्तम झाले. कथा खरी असेल वा तिला मीठमसाला लागला असेल, पण तिच्यातला प्रश्न मोठा आहे. दोन शब्दांनी माणसाची भीती कशी जाते? शरीर तेच, जागा तीच, श्रोते तेच. मग बदलले काय? फारियांचे पुढचे सारे संशोधन याच प्रश्नाभोवती फिरले.

पॅरिसमधील दिवस

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आला. अनेकांना अटक झाली, १५ जणांना फाशी देण्यात आली. लिस्बनमध्ये फारिया पितापुत्रांवरही संशय घेतला गेला. १७८८ मध्ये मुलाने पॅरिस गाठले. पाठोपाठ फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि तिच्या धामधुमीत ते स्वतःही सापडले. १७९५ साली त्यांनी सत्ताधारी कन्व्हेन्शनविरुद्धच्या उठावात एका तुकडीचे नेतृत्व केले. १८११ पासून मार्सेय आणि नंतर नीम येथे त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले.

१८१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पॅरिसमध्ये क्लिशी रस्त्यावर जाहीर व्याख्याने सुरू केली. प्रवेश फी ५ फ्रँक असूनही गर्दी होई. त्या वेळी मेस्मर या डॉक्टरच्या मताचा युरोपात बोलबाला होता. विश्वात एक अदृश्य द्रव भरला आहे, तो चुंबकासारखा एका शरीरातून दुसऱ्यात सोडता येतो आणि त्याने रोग बरे होतात, असे ते मत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने ते तपासले होते. तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिये यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. असा द्रव आढळत नाही, परिणाम कल्पनेचा आहे, असा तिचा निष्कर्ष होता. पण कल्पना एवढे काम कसे करते, याचा तपास तेथेच थांबला. फारियांनी तो पुढे चालवला.

त्यांची रीत साधी होती. माणसाला खुर्चीत आरामात बसवायचे, डोळे मिटायला सांगायचे, मन झोपेवर एकाग्र करायला सांगायचे. तो शांत झाला की करड्या आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. काहींना लगेच ती विशिष्ट झोप लागे, काहींना कधीच लागत नसे. जागे झाल्यावरही झोपेतील सूचनेचा परिणाम टिकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मात्र त्यांना तिन्ही बाजूंनी विरोध झाला. धर्मगुरूंना यात सैतानाचा हात दिसला. मेस्मरचे अनुयायी चिडले, कारण फारिया त्यांचा द्रवच नाकारत होते. हसणारे तर सगळीकडेच असतात. १८१६ साली त्यांची टर उडवणारे नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आले आणि गाजले. लोकांनी पाठ फिरवली. शेवटची वर्षे त्यांनी एका मठात पाद्रीपणा करून काढली आणि तेथेच ग्रंथ लिहिला. २० सप्टेंबर १८१९ रोजी त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात त्यांना पुरले, पण त्या जागेवर कसलीच खूण नाही.

ग्रंथात काय आहे?

१८१९ सालीच पॅरिसमध्ये त्यांचा ग्रंथ छापला गेला. नावाचा अर्थ साधारणपणे सजग निद्रेचे कारण असा होतो. चार खंडांचा बेत होता, छापला गेला एकच. त्यांच्या नावावरचे प्रकाशन म्हणायचे तर एवढेच.

ग्रंथाचा गाभा थोडक्यात सांगता येतो. झोपवणाऱ्याच्या अंगी कोणतीही शक्ती नसते. सारे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात, त्याच्या एकाग्रतेतून आणि विश्वासातून. झोपवणारा फक्त निमित्त असतो. ज्या माणसाला शेकडो लोक चमत्कारी समजून पाहायला येत होते, त्यानेच आपल्याकडे चमत्कार नाही असे लिहून ठेवावे, याला मोठे धैर्य लागते.

त्यांचे सर्वच म्हणणे टिकले असे नाही. ज्यांचे रक्त पातळ, त्यांना ही झोप लवकर लागते, असे ते मानीत. ते पुढे चूक ठरले. पण मूळ विचार टिकला.

विचारांचा प्रवास

त्यांच्या बैठकींना नुआझे नावाचे एक सैनिकी अधिकारी येत. पुढे ते सेनापती झाले. त्यांनी १८२० मध्ये या विषयावर निबंध लिहिला. तो छापून यायला १८५४ साल उजाडले. १८४३ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर जेम्स ब्रेड यांनी हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला आणि शोधाचे श्रेय बहुतांशी त्यांच्याकडे गेले. फ्रान्समधील नान्सी येथे डॉक्टर लिएबो यांनी १८६६ साली आणि प्राध्यापक बर्नहाइम यांनी १८८४ साली ग्रंथ लिहिले. संमोहन म्हणजे सूचनेचा परिणाम, हे त्यांचे सूत्र. ते फारियांच्याच विचाराशी जुळते, आणि बर्नहाइम यांनी त्यांचे ऋण मान्य केले. सिग्मंड फ्रॉइड १८८९ साली नान्सीला जाऊन हे सर्व पाहून आले.

फारियांचे नाव पुन्हा उजेडात आणले ते एका गोमंतकीयानेच. डॉक्टर दानियल जेलाझियो दालगादो यांनी १९०६ साली पॅरिसमध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि मूळ ग्रंथ पुन्हा छापून आणला. १९२५ मध्ये पोर्तुगालचे मेंदूतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. हेच मोनिझ पुढे मेंदूतील रक्तवाहिन्या क्ष-किरणांनी पाहण्याच्या पद्धतीचे जनक ठरले. १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. १९४५ मध्ये मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला पुतळा पणजीत उभा राहिला.

फारियांच्या काळी जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचे साधन नव्हते. ते आल्यावर काय दिसले? १९९७ साली कॅनडातील संशोधकांनी संमोहित व्यक्तींचे हात त्रासदायक गरम पाण्यात ठेवले आणि वेदनेचा त्रास कमी-जास्त वाटेल अशा सूचना दिल्या. सूचनेप्रमाणे मेंदूच्या एका ठरावीक भागातले काम कमी-जास्त होताना प्रतिमांत दिसले. म्हणजे शब्दाचा परिणाम हे सोंग नव्हे. तो ऐकणाऱ्याच्या मेंदूत घडतो, बोलणाऱ्याच्या हातातून निघत नाही.

आपण काय घ्यावे?

आज संशोधकाची योग्यता ठरवताना त्याचे किती निबंध छापले आणि इतरांनी किती वेळा त्यांचा उल्लेख केला, हे मोजतात. त्या मापाने फारियांचा हिशेब एका ओळीत संपला असता, आणि त्यांच्या मृत्यूनंतरची कित्येक वर्षे तो जवळजवळ शून्यच राहिला. पण तो ग्रंथही लिहिला नसता तर? व्याख्याने हवेत विरली असती, थट्टेचे नाटक तेवढे उरले असते. दालगादो यांना पुन्हा छापण्यासारखे काहीच सापडले नसते. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की जे पाहिले, जे तपासले, ते लिहून ठेवा. वही अपुरी राहिली तरी चालेल.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. कोणी आपल्या अंगी शक्ती आहे म्हणून पैसे मागू लागला, तर फारियांचे म्हणणे आठवावे. घरात कोणाला मनाचा आजार झाला तर उपचाराला लाजू नये. गोव्यातील मनोरुग्णालय पूर्वी आबे फारिया यांच्याच नावाने ओळखले जात असे. आज ते काम बांबोळीची मनोरुग्ण संस्था करते. आणि मुलांनो, संमोहनाचे प्रयोग मित्रांवर करून पाहू नका, ते शिकलेल्या डॉक्टरांचे काम आहे.

स्नेहसंमेलनात व्यासपीठावर उभे राहिल्यावर पाय लटपटले, तर मात्र समोरच्या भाजीची आठवण करायला हरकत नाही. त्या भाजीत आम्ही शिक्षकही आलो!