जगन्नाथ पंडितांच्या समांतर रेषा

मैत्रिणींनो, मुलं अकरावीत गेली की त्यांच्या गणितापासून आपण जरा लांबच राहतो, हो ना? परवा लेक लोणारच्या घरी ओसरीवर बसून उदाहरणं सोडवत होती. एक रेषा दिलेली, एक बिंदू दिलेला. त्या बिंदूतून जाणारी समांतर रेषा आणि लंब रेषा, दोघींची समीकरणं काढायची. समांतर असेल तर चढ तोच. तिरप्या रेषेला लंब असेल तर दोन चढांचा गुणाकार उणे १. एवढं मला समजावून झालं आणि तिनं विचारलं, की याचा उपयोग काय? तेव्हा मला जगन्नाथ पंडित आठवले.

जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण. जयपूर वसवणारे सवाई जयसिंह (१६८८ ते १७४३) यांचे ते गुरू. राजाला ग्रहताऱ्यांचं भारी वेड! त्यासाठी परक्या देशांतले ग्रंथही त्याला हवे होते. मग वेदशास्त्र शिकलेले हे पंडित अरबी शिकायला बसले. आपलं ते सोवळं आणि परक्याचं ते नको, असं त्यांनी मानलं नाही. ग्रीक युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसी यांनी अरबीत मांडला होता. त्यावरून पंडितांनी संस्कृतात १५ अध्यायांचं 'रेखागणित' रचलं. बिंदूतून समांतर रेषा कशी काढावी, लंब कसा टाकावा, हे त्याच्या पहिल्याच अध्यायात येतं. समीकरणं मात्र त्यात नाहीत. ती वाट युरोपात देकार्तनं १६३७ मध्ये दाखवली. पुढे १७३२ च्या सुमारास टॉलेमीचा खगोलग्रंथही पंडितांनी अरबीवरून संस्कृतात आणला.

या रेषा कागदावरच राहिल्या नाहीत. जयपूरच्या जंतरमंतरला गेलात, तर तिथलं सम्राट यंत्र जरूर बघा. सुमारे ९० फूट उंच भिंत, तिची तिरपी कड पृथ्वीच्या आसाला समांतर! आणि दोन्ही बाजूंच्या पाव वर्तुळाच्या कमानी त्या कडेला लंब पातळीत. भिंतीची सावली कमानीवर सरकते आणि वेळ सांगते. जयपूर सुमारे २७ अक्षांशावर, म्हणून कडेचा कोनही २७ अंशांचा.

आपलं लोणार आहे साधारण २० अक्षांशावर. मग आम्ही मायलेकींनी कंपासपेटीतला कोनमापक घेतला आणि गच्चीवर उत्तरेकडे वर जाणारी काठी २० अंशांत टेकवली. रात्री बघितलं, तर काठीचं टोक ध्रुवताऱ्याच्या रोखानं! म्हणजे आमची काठी पृथ्वीच्या आसाला समांतर झाली होती. आणि दिलेला बिंदू? तो आमच्या गच्चीचा कोपरा.

पंडितांनी परक्या भाषेची भीती धरली असती, तर हे धन आपल्या भाषेच्या दारातच अडलं असतं. लेकीच्या वहीची भीती आपणही सोडूया. शेजारी बसून नुसतं एकदा विचारूया, हे कसं गं केलंस?