धोतराच्या गाठीखालचा कॅन्सर ओळखणारे डॉ. खानोलकर

राळेगावच्या बाजारात आजही एखादे धोतर नेसलेले आजोबा, लुगडं नेसलेली आजी दिसते. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी गाठ आवळली की तिथली कातडी काळवंडते, खाजते, सोलते. घरचे म्हणतात, वळ आहे, काय होतंय त्याला?

बहुतेकदा खरंच काही होत नाही. पण क्वचित याच जागी कॅन्सर होतो. ८० वर्षांपूर्वी हे जगासमोर मांडलं ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी.

खानोलकरांचा जन्म १८९५ सालचा, आज पाकिस्तानात असलेल्या क्वेट्ट्याचा. १९२३ मध्ये ते लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एमडी झाले. भारतात परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

पॅथॉलॉजिस्टचं काम पडद्यामागचं असतं. सर्जन गाठ काढतो, पण ती साधी की कॅन्सरची, हे पॅथॉलॉजिस्ट सांगतो. काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप करतात, ते रंगवतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलाय का, हेही त्यातच कळतं. पोचला असेल तर आत काहीतरी उरलंय, म्हणजे आणखी कातडी काढावी लागणार.

खानोलकर मात्र तुकडा बघून थांबले नाहीत. हा माणूस खातो काय, ओढतो काय, नेसतो काय, हेही त्यांनी शोधलं. इंग्लंडमध्ये पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांच्या त्वचेच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला होता. काश्मीरमध्ये निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरणाऱ्यांना होणारा कॅन्सरही डॉक्टरांना माहीत होता. १९४५ मध्ये खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी सवयींशी जोडलेले भारतातले कॅन्सरचे तीन नवे प्रकार मांडले. त्यातला एक होता धोतराचा कॅन्सर. सततचा दाब, घर्षण, घाम यानं कातडी पुन्हा पुन्हा दुखावते, जखम भरत नाही आणि काहींच्या बाबतीत तिथंच कॅन्सर सुरू होतो.

पुढे १९५२ मध्ये परळला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं, ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. कुष्ठरोगावरही त्यांनी मोठं काम केलं. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, नंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७८ मध्ये त्यांचं निधन झालं.

धोतरं कमी झाली, मग हा विषय संपला का? नाही. राळेगावला लागूनच असलेल्या वर्ध्यातल्या आणि बिहारच्या मधुबनीतल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन वयस्कर बायकांची माहिती प्रसिद्ध केली. दोघींनाही कमरेवर, जिथं नाडी किंवा लुगडं आवळलं जायचं तिथंच, त्वचेचा कॅन्सर झाला होता. एकीनं तर ४० वर्षं लुगडंच नेसलं होतं. तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

वेळेत कळलं तर उपाय सोपा असतो. जागा बधिर करून गाठ आणि भोवतीची थोडी निरोगी कातडी काढतात, टाके घालतात. जखम मोठी असेल तर मांडीची कातडी लावतात.

गावाकडे मस किंवा चामखीळ दिसली की घोड्याचा केस बांधतात, चुना लावतात. त्यात दोन धोके आहेत. जखम चिघळते, आणि तपासायला तुकडाच उरत नाही. तीळ आकार-रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा कुठलीही जखम महिनाभर भरत नसेल, तर डॉक्टरला दाखवा. गाठ काढलीच, तर ती तपासायला पाठवणार का, हे नक्की विचारा.

आणि नाडी जरा सैल बांधा, रोज जागा बदला. आजीच्या कमरेवरचा वळ एकदा बघून घ्या. लाजेपोटी ती स्वतःहून दाखवणार नाही.