‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींनी तुरुंगात तमिळ का शिकली?

नाशिकजवळच्या ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना आला आणि त्याच्यासोबत वेगवेगळ्या राज्यांतली माणसंही आली. एकाच वसाहतीत अनेक भाषा कानावर पडू लागल्या. पण शेजारी राहणं वेगळं आणि शेजाऱ्याची भाषा समजून घेणं वेगळं. हा फरक एका मराठी शिक्षकाला त्याच्या कितीतरी आधी तुरुंगात उमगला होता. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच आपले साने गुरुजी.

२४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला त्यांचा जन्म झाला. शिक्षण संपल्यावर ते अमळनेरच्या शाळेत शिकवू लागले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

इंग्रज सरकारने त्यांना थेट तामिळनाडूतल्या त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पाठवलं. तिथले बरेच कैदी दक्षिणेतले होते. लढा एकच, पण एकमेकांची भाषा आणि साहित्य फारसं कुणाला ठाऊक नाही. गुरुजी सोबतच्या कैद्यांकडून तमिळ आणि बंगाली शिकू लागले. तिरुवळ्ळुवरांचा ‘कुरल’ हा तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला.

पुढे नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहिला. या पुस्तकामुळे ते घराघरांत पोहोचले. पण ‘भारतीय संस्कृती’ लिहिणाऱ्या याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही लिहिलं, हे आज अनेकांना माहीत नसतं.

पंढरपूरचं उपोषण

दुसऱ्या प्रांताची भाषा शिकायची आणि आपल्याच गावातल्या माणसाला देवळाबाहेर उभं ठेवायचं, हे गुरुजींना पटणारं नव्हतं. विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवली. मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण सुरू केलं. विरोध मोठा होता. खुद्द गांधीजींनी उपोषण थांबवा अशी तार केली. गुरुजी गांधीजींना मानत होते, तरी मागे हटले नाहीत. दहाव्या दिवशी मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं.

आंतरभारतीचं स्वप्न

स्वातंत्र्य मिळालं, पण सोबत फाळणीचा रक्तपात आला. गांधीजींची हत्या झाली, तेव्हा गुरुजींनी २१ दिवसांचं उपवास-प्रायश्चित्त घेतलं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं.

तेव्हा भाषावार राज्यांची चर्चा तापली होती. १९४९ च्या पुण्यातल्या साहित्य संमेलनात गुरुजींनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. रवींद्रनाथांची विश्वभारती जगाशी नातं जोडत होती. तसं प्रांताप्रांतांत नातं जोडणारी संस्था त्यांना हवी होती. वेगवेगळ्या भाषांच्या मुलांनी तिथे एकत्र राहावं आणि एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, असं ते स्वप्न होतं. मराठीवर जीव असणं आणि इतर भाषांशी मैत्री करणं यात त्यांना कुठेच विरोध दिसत नव्हता.

त्यासाठी ते निधी जमवत राहिले. पण देशातल्या परिस्थितीने ते आतून खचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. संस्था त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली नाही.

सहकाऱ्यांनी मात्र कल्पना सोडली नाही. आंतरभारतीच्या उपक्रमांत आजही एका राज्यातली मुलं दुसऱ्या राज्यातल्या कुटुंबात पाहुणी म्हणून राहतात. भाषेवरून वाद पेटला की आपण बाजू निवडतो. गुरुजींनी अनोळखी भाषेच्या तुरुंगात बाजू निवडली नव्हती, त्यांनी मुळाक्षरं गिरवली होती.