सायकलला ब्रेकच नव्हता, तरी तो जगात सगळ्यात वेगवान ठरला : मेजर टेलरची गोष्ट

तारीख १५ नोव्हेंबर १८९९. ठिकाण शिकागोचा गारफिल्ड पार्क ट्रॅक.

वारा अडवायला पुढे वाफेवर चालणारं दुचाकी यंत्र धडधडत पळतंय. त्याच्या मागच्या चाकाला जवळपास चिकटून एक २० वर्षांचा कृष्णवर्णीय पोरगा सायकल मारतोय. १ मैल अंतर, वेळ १ मिनिट १९ सेकंद आणि वर थोडी. म्हणजे ताशी साधारण ७३ किलोमीटर.

आता यातली खरी गोष्ट ऐका. त्या सायकलला ब्रेक नव्हता. गिअर एकच. पायडल मारायचं थांबवून पाय मोकळे सोडायचीही सोय नाही.

या पोराचं नाव मार्शल टेलर. जग त्याला मेजर टेलर म्हणून ओळखतं.

आज त्याची आठवण काढायचं कारण म्हणजे रीलवर दिसणाऱ्या फिक्सी सायकली. सडपातळ फ्रेम, एकच गिअर, हँडलवर ना केबल ना ब्रेक. खाली कमेंटमध्ये ठरलेलं भांडण. एक जण म्हणतो ब्रेक लावला की फिक्सीची मजा गेली, दुसरा म्हणतो हे मरायचे धंदे आहेत.

हे भांडण समजून घ्यायचं तर टेलरचं आयुष्य बघावं लागतं. कारण बिनब्रेकच्या सायकलवर सगळ्यात वर पोचलेला माणूस तोच, आणि तिची किंमत मोजलेलाही तोच.

आधी फिक्सी म्हणजे काय ते बघू

लहानपणीची तीनचाकी आठवा. तिचे पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असायचे. चाक फिरलं की पायडल फिरणारच. उतारावर सोडली की पायडल इतके गरगरायचे की आपण पाय वर उचलून घ्यायचो.

फिक्सीचं तसंच आहे, फक्त मध्ये चेन येते. आपल्या नेहमीच्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, म्हणून पाय थांबवले तरी सायकल आपली पळत राहते आणि ती कटकट ऐकू येते. फिक्सीत फ्रीव्हीलच नसतं. सायकल पळतेय तोवर पाय फिरणार.

मग थांबायचं कसं? पायाने पायडलला उलटा जोर द्यायचा. मागचं चाक मंदावतं. म्हणजे मागच्या चाकाचा ब्रेक तुमच्या मांड्यांत असतो. पुढच्या चाकाला मात्र काहीच नसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

मार्शलचा मेजर कसा झाला?

मार्शलचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ चा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातला. वडील गिल्बर्ट अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले सैनिक. पुढे ते साऊथर्ड नावाच्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे घोडागाडी हाकायचे. त्या घरातल्या मुलाशी मार्शलची गट्टी जमली आणि तो काही वर्षं त्यांच्याच घरी वाढला. सारखे कपडे, सारखी खेळणी. पहिली सायकलही त्याला तिथेच मिळाली.

पण दारात फरक कळायचाच. मित्रांसोबत वायएमसीएच्या व्यायामशाळेत गेला की बाकीची पोरं आत आणि हा बाहेर. रंग आडवा यायचा.

पुढे साऊथर्ड कुटुंब शिकागोला गेलं आणि मार्शल परत आपल्या घरी आला. सायकल मात्र सोबत आली. तिच्यावर तो एकेक कसरती शिकला. त्या बघून शहरातल्या एका सायकल दुकानदाराने त्याला कामावर ठेवलं. दुकान झाडायचं आणि गिऱ्हाईक जमवायला दुकानासमोर कसरती करून दाखवायच्या. अंगात लष्करी थाटाचा कोट असायचा. लोक त्याला मेजर म्हणायला लागले आणि तेच नाव आयुष्यभर चिकटलं.

याच काळात लुई मंगर या माणसाने त्याला हेरलं. मंगर स्वतः माजी सायकलपटू आणि सायकली बनवणारा कारखानदार. त्याने टेलरला कामावर घेतलं, शिकवलं आणि १८९५ मध्ये सोबत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात नेलं. पुढे टेलर वूस्टरची वावटळ म्हणून गाजला.

हे सगळं चालू असताना देशात वारं उलटं होतं. लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन ही तिथली मोठी सायकल संघटना. तिने १८९४ मध्ये सदस्यत्व फक्त गोऱ्यांसाठी ठेवायचा नियम केला. शर्यतीत उतरायची वाट कशीबशी उघडी होती, पण तू आमच्यातला नाहीस हे कागदावर लिहून झालं होतं.

ट्रॅकवर ब्रेक का नसतो?

ऐकायला उलटं वाटेल, पण ट्रॅकवर ब्रेक नसणं हीच सुरक्षितता आहे.

तिथे सायकलपटू एकमेकांच्या मागे वीतभर अंतर ठेवून पळतात. पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे त्याच्यावर जाऊन आदळतील. कोणाकडेच ब्रेक नसला तर अचानक कोणी थांबूच शकत नाही. वेग कमी करायचा असेल तर सायकल ट्रॅकच्या तिरक्या उतरणीवर वर घ्यायची, चढणीने वेग आपोआप कमी होतो. समोरून गाडी नाही, सिग्नल नाही, मध्येच रस्ता ओलांडणारा माणूस नाही. सगळे एकाच दिशेने पळतात.

म्हणून आजही ट्रॅकच्या शर्यतीत ब्रेकला आणि फ्रीव्हीलला परवानगी नसते.

पण या सगळ्याला एक अट आहे. प्रत्येकाने नियम पाळायचा. कोणी कोणाच्या वाटेत आडवं घुसायचं नाही. शेजारच्यावर विश्वास असेल तरच बिनब्रेकचा ट्रॅक सुरक्षित.

टेलरच्या बाबतीत नेमकी हीच अट मोडली गेली.

समोरच्याने नियमच पाळला नाही तर?

डिसेंबर १८९६. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. १८ वर्षांच्या टेलरने अर्ध्या मैलाच्या शर्यतीत एडी बाल्ड या नामांकित खेळाडूला हरवलं. लगेच सहा दिवसांची शर्यत सुरू झाली. सहा दिवस गोल गोल फिरत राहायचं, झोप जमेल तेवढीच. खेळाडूंना भास व्हायचे, टेलरलाही झाले. पण तो १,७३२ मैल, म्हणजे जवळपास २,७९० किलोमीटर सायकल चालवून आठवा आला.

आता तो मोठ्यांच्या पंगतीत बसला होता आणि तेच काही जणांना खुपत होतं.

शर्यतीत दोघे तिघे मिळून त्याला घेरायचे. एक पुढे, एक बाजूला, आतल्या कडेला दाबून ठेवायचं. कोणी कोपर मारायचं, कोणी ऐन वेळी चाक आडवं घालायचं. टेलरकडे ब्रेक नाही. पाय, नजर आणि फट दिसली की त्यातून निसटायची हिंमत, एवढंच हातात. त्याची जी झेप बघायला हजारो लोक यायचे, ती बरीचशी या घेरावातून तयार झाली होती.

सप्टेंबर १८९७ मध्ये तर कहर झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या टाँटन इथे शर्यत संपल्यावर विल्यम बेकर या खेळाडूने त्याला सायकलवरून खाली ओढलं आणि गळा आवळला. पोलिसांनी सोडवलं तेव्हा टेलर बेशुद्ध होता. बेकरला शिक्षा काय झाली? ५० डॉलर दंड.

त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाच्या शर्यतीही त्याला अर्ध्यावर सोडाव्या लागल्या, कारण दक्षिणेकडच्या आयोजकांना तो ट्रॅकवर नको होता.

आणि तरीही जगज्जेता

१० ऑगस्ट १८९९. कॅनडातलं माँट्रियल. जागतिक स्पर्धेची १ मैलाची शर्यत. टेलर जिंकला.

कुठल्याही खेळात जगज्जेता ठरलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी तो एक. त्याच्या आधी हा मान कॅनडात जन्मलेल्या बॉक्सर जॉर्ज डिक्सनने मिळवला होता. शिकागोचा तो वाफेच्या यंत्रामागचा विक्रम याच वर्षी तीन महिन्यांनी झाला.

१९०१ मध्ये तो युरोपात गेला. टेलर कट्टर धार्मिक, रविवारी शर्यत खेळायचा नाही. आणि युरोपात मोठी गर्दी रविवारीच व्हायची. तरी आयोजकांनी त्याच्यासाठी वार बदलले. पॅरिसच्या पार्क दे प्रिन्सवर फ्रान्सचा जगज्जेता एडमंड जॅकलिनशी दोन सामने ठरले. १६ मे रोजी कडाक्याच्या थंडीत टेलर हरला. २७ मे रोजी त्याने हिशोब चुकता केला. अमेरिकेत ज्याला धड हॉटेलात खोली मिळत नव्हती, त्याला पॅरिसमध्ये लोक बघायला गर्दी करत होते.

१९०२ मध्ये डेझी मॉरिसशी लग्न झालं. पुढे ऑस्ट्रेलियाचे दौरे झाले. मुलगी सिडनी शहरात जन्मली म्हणून तिच्या नावातही सिडनी आलं.

पण तिथेही जुने प्रतिस्पर्धी पोचलेच. १९०४ मध्ये मेलबर्नच्या शर्यतीत अमेरिकेच्या आयव्हर लॉसनने त्याच्या वाटेत सायकल घातली. टेलर जोरात आपटला, रुग्णालयात पडून राहिला. लॉसनवर वर्षभराची बंदी आली, ती नंतर कमी झाली. त्याच वर्षी लॉसन जगज्जेता झाला. आणि टेलर? शरीराने आणि मनाने इतका खचला की दोन वर्षांहून जास्त काळ ट्रॅकपासून लांब राहिला.

१९०७ मध्ये तो परत आला, पॅरिसमध्ये पुन्हा चमकला. १९१० मध्ये ३२ व्या वर्षाच्या आसपास थांबला.

शेवट

नंतरचं आयुष्य उताराचं होतं. धंद्यात पैसे बुडाले, घर विकलं गेलं, संसार मोडला. १९२८ च्या सुमारास त्याने स्वतःच्या खर्चाने आत्मचरित्र छापलं आणि शिकागोत दारोदार फिरून विकलं. २१ जून १९३२ रोजी तिथल्या कुक काउंटी रुग्णालयाच्या धर्मादाय वॉर्डात तो गेला. वय ५३. दफन झालं ते नावाचा दगडही नसलेल्या जागी.

१९४८ मध्ये जुन्या सायकलपटूंनी आणि सायकल कारखानदार फ्रँक श्विन यांनी पुढाकार घेतला. त्याला सन्मानाने पुन्हा दफन करून नावाचा दगड बसवला. १९८२ मध्ये इंडियानापोलिसमध्ये त्याच्या नावाचा सायकल ट्रॅक सुरू झाला. २००८ मध्ये वूस्टरमध्ये स्मारक उभं राहिलं.

मग फिक्सीला ब्रेक लावायचा की नाही?

ट्रॅकवर नाही. रस्त्यावर लावायचा. टेलरच्या गोष्टीतूनच उत्तर निघतं.

बिनब्रेकची सायकल तुमच्या एकट्याच्या कौशल्यावर चालत नाही, आजूबाजूचे सगळे नियम पाळतील या भरवशावर चालते. टेलरसारखं कौशल्य दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. तरी समोरच्याने आडवं चाक घातलं तेव्हा तो आपटलाच. तेही बंदिस्त ट्रॅकवर, जिथे नियम होते, पंच होते, शिक्षा होती. रस्त्यावर तर खड्डा असतो, कुत्रं असतं, गाडीचं अचानक उघडलेलं दार असतं, चेंडूमागे धावणारं पोर असतं. त्यांनी तुमचे नियम मान्य केलेले नसतात.

दुसरं कारण भौतिकशास्त्राचं. सायकल मंदावते तेव्हा सगळा भार पुढे येतो आणि मागचं चाक हलकं होतं. मग मांड्यांचा कितीही जोर लावा, हलकं चाक घसरत जातं. पटकन थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. शिवाय चेन तुटली किंवा उतरली, तर पायाचा ब्रेकही गेला.

म्हणून ब्रिटनमध्ये नियम आहे की सायकलला दोन स्वतंत्र ब्रेक हवेत. फिक्सीचं मागचं चाक त्यातला एक धरलं जातं, पण पुढचा ब्रेक हवाच. २०१६ मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीच्या धडकेत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा जीव गेला. सायकल चालवणाऱ्या तरुणाला पुढच्या वर्षी १८ महिन्यांची शिक्षा झाली.

हँडलवर एक दांडी, एक केबल आणि रबराचे दोन गुटके. पुढचा ब्रेक एवढाच असतो. त्याने फिक्सी फिक्सीच राहते, पाय तसेच फिरतात, मजा तशीच राहते.

टेलरला बिनब्रेक पळावं लागलं, कारण त्याच्या खेळाचा तो नियम होता. तुमच्या गल्लीचा तो नियम नाही.